वाचक विचारतात : तो दगड, डिक जॉन्सन आणि बाथर्स्टचा डोंगर

मागच्या अंकात या सदरात ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्ट १००० बद्दल थोडंसं लिहिलं होतं. रस्त्यावर दिसतात तशा दिसणाऱ्या गाड्यांची ही हजार किलोमीटरची शर्यत, दर ऑक्टोबरला होते, आणि तिथली माणसं अजूनही सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ड्रायव्हरांची नावं घरच्या माणसासारखी घेतात, एवढंच म्हटलं होतं. त्यावर इतके मेसेज आणि मेल आले की या वेळचं सगळं सदर टूरिंग कार रेसिंगलाच, म्हणजे असल्या गाड्यांच्या शर्यतींनाच देतेय. बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते म्हणून काही एकत्र केलेत, राग मानू नका.

नमस्कार ताई, मी नोकरीसाठी मेलबर्नला असतो. शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा राहतात, गॅरेजमधे जुनी फोर्ड फाल्कन आहे, रविवारी तिला पुसत बसतात. परवा सहज विचारलं की शर्यती बघता का, तर म्हणाले १९८० ला डिकला मी पण पैसे पाठवले होते, आणि एकदम गप्पच झाले. मधे कुठल्यातरी दगडाचं बोलले ते मला नीट कळलं नाही. काय भानगड आहे ही? – एक वाचक, मेलबर्न

बरं झालं विचारलंत. टूरिंग कारचे फॅन आपल्या जुन्या ड्रायव्हरवर इतका जीव का टाकतात असं मला कोणी विचारलं तर मी हाच किस्सा सांगते.

डिक जॉन्सन हा ब्रिस्बेनचा माणूस. स्वतःचं गॅरेज आणि पेट्रोल पंप चालवायचा आणि त्यातून उरेल त्या पैशात रेस करायचा. मोठ्या कंपनीची टीम नाही, पाठीशी कोणी नाही. १९८० साली त्याने एक निळी फोर्ड फाल्कन एक्सडी तयार केली, ट्रू ब्लू म्हणून ओळखतात तिला, होतं नव्हतं ते सगळं त्या गाडीत घातलं आणि बाथर्स्टला आला. समोर पीटर ब्रॉक, म्हणजे होल्डन या फोर्डच्या तिथल्या कट्टर प्रतिस्पर्धी कंपनीचा लाडका हिरो, त्याआधीची दोन वर्षं लागोपाठ जिंकलेला. आणि हा पंपवाला जॉन्सन शर्यत सुरू झाल्यावर पुढे निघाला आणि पुढेच राहिला, ब्रॉक चांगलाच मागे पडला होता, टीव्हीवर अख्खा देश बघतोय.

विसाव्या लॅपच्या आतलीच गोष्ट. बाथर्स्टचा ट्रॅक डोंगरावरून जातो, तो चढताना कटिंग नावाचं एक अरुंद वळण आहे, दोन्ही बाजूला भिंती. त्यातून बाहेर पडला तर समोर एका बाजूला बंद पडलेली गाडी उचलायला आलेला टो-ट्रक आणि उरलेल्या अर्ध्या रस्त्यात एक दगड, चांगला फुटबॉलएवढा. वरच्या उतारावरून खाली आलेला. ट्रकला ठोकायचं का दगडावर जायचं, विचार करायला सेकंदसुद्धा नाही. दगडावर गेला, चाक तुटलं, गाडी भिंतीवर आदळली आणि संपलं सगळं.

मग चॅनल सेव्हनच्या लोकांनी त्याला लगेच टीव्हीवर घेतला. पस्तीस वर्षांचा हा माणूस, तोंडाला काळं लागलेलं, बोलता बोलता रडायला लागला, की आता माझ्याकडे काहीच उरलं नाही, परत गाडी बांधायला पैसा कुठून आणू. आणि इथून पुढे जे झालं ते कुठल्याच खेळात फारसं बघायला मिळत नाही. लोकांनी फोन करायला सुरुवात केली, इतके फोन की चॅनलचा स्विचबोर्ड जाम झाला, कोणी पाच डॉलर, कोणी दहा, कोणी पन्नास, फुल ना फुलाची पाकळी. त्यात पोरंटोरं होती, पेन्शनवाले होते, आणि होल्डनवाले पण होते, आणि हे होल्डनवाल्याने फोर्डवाल्याला पैसे देणं म्हणजे काय ते तुमच्या शेजारच्या आजोबांनाच विचारा. फोर्ड ऑस्ट्रेलियामधे तेव्हा एडसेल फोर्ड दुसरा होता, हेन्री फोर्डचा पणतू, त्याने जाहीर केलं की लोक जेवढे देतील तेवढेच कंपनी घालेल. लोकांचे जमले सुमारे ७२ हजार डॉलर, म्हणजे एकूण जवळपास १ लाख ४४ हजार. १९८० साली ही लहान रक्कम नव्हती.

त्या पैशातून नवी गाडी उभी राहिली. १९८१ ला जॉन्सनने ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली, शेवटचा निकाल लागला तोही त्याच्या घरच्या लेकसाइड ट्रॅकवर, ब्रॉकशी झुंजून. आणि त्याच ऑक्टोबरला जॉन फ्रेंचला जोडीला घेऊन बाथर्स्टही जिंकला. त्या वर्षी १२० लॅपनंतर मोठा अपघात होऊन रस्ताच बंद झाला म्हणून शर्यत तिथेच थांबवली, पण पुढे होता तो जॉन्सनच. पुढे एकूण पाच चॅम्पियनशिप आणि तीन बाथर्स्ट, ८१, ८९ आणि ९४. त्याच्या नावाची टीम अजून रेस करते आणि १७ नंबर अजून त्याचाच.

तर तुमच्या आजोबांनी पाठवलेले पैसे त्या गाडीत आहेत. कुठल्या नटबोल्टमधे आहेत ते नाही सांगता येणार पण आहेत. ते गप्प का झाले ते आता कळलं असेल. पुढच्या रविवारी चहा घेऊन जा त्यांच्याकडे आणि १९८१ च्या लेकसाइडबद्दल विचारा, संध्याकाळ कशी गेली कळणार नाही तुम्हाला.

मॅडम, टूरिंग कार आणि फॉर्म्युला वन यात नक्की फरक काय? माझा दादा म्हणतो की टूरिंग कार म्हणजे हळू गाड्या. – आठवीतला एक विद्यार्थी, नाशिक

अरे दादाला सांग की बाथर्स्टला कॉनरॉड स्ट्रेट नावाच्या सरळ पट्ट्यावर या हळू गाड्या ताशी ३०० किलोमीटरच्या जवळ जातात, ते पण डोंगरावरून खाली उतरताना. फरक असा की फॉर्म्युला वनची गाडी पहिल्या स्क्रूपासून फक्त शर्यतीसाठी बनते, चाकं उघडी, एक सीट, चाकाला चाक लागलं तर गाडी हवेत. टूरिंग कार मुळात दुकानात मिळणाऱ्या गाडीवरून निघाली, दारं आहेत, छप्पर आहे, चाकं आत झाकलेली, त्यामुळे घासाघास, धक्काबुक्की चालते, दार चेपलं तरी गाडी पळते. बाथर्स्टला धावणाऱ्या आजच्या टूरिंग कार, ज्यांना तिकडे सुपरकार म्हणतात, आतून पूर्ण रेसिंगच्या आहेत, सहाशेच्या आसपास हॉर्सपॉवरचं व्ही-एट इंजिन आणि पाइपांचा सांगाडा, पण बाहेरून मस्टँग ती मस्टँगच दिसते. बघणाऱ्याला आपल्या सोसायटीत उभी असलेली गाडी ट्रॅकवर दिसते, ही मजा फॉर्म्युला वनमधे नाही.

आमच्याकडे १९८७ ची कॉन्टेसा होती, पांढरी. मुलांनी विकायला लावली, अजून वाईट वाटतं. या गाडीने कधी कुठे रेस केली होती का हो? – निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

काका, तुमचा मेल वाचून मी खूपच खूश झाले कारण उत्तर हो आहे आणि ते फार भारी आहे.

आपली हिंदुस्तान कॉन्टेसा म्हणजे मूळची इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, सत्तरच्या दशकातली एफई मालिका. तिकडे बंद झाल्यावर हिंदुस्तान मोटर्सने ती इकडे आणली, सुरुवातीला तर त्या एवढ्या मोठ्या गाडीत अँबॅसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपास, मग नंतर इसुझुचं १.८ आलं आणि गाडीला जीव आला. तुमची ८७ ची म्हणजे त्या बदलाच्या आसपासचीच.

आता त्याच व्हिक्टरची थोरली बहीण होती व्हेंटोरा, अंगाने तीच, थाट जास्त. १९७४ साली इंग्लंडमधे व्हॉक्सहॉलच्या डीलर टीमने बिल ब्लायडेनस्टाइनच्या देखरेखीखाली त्या व्हेंटोराच्या आकाराची एक राक्षसी गाडी बांधली आणि तिच्यात पाच लिटरचं रेप्को-होल्डन व्ही-एट बसवलं. नाव पडलं बिग बर्था. म्हणजे काका, तुमच्या कॉन्टेसाची चेहरेपट्टी आणि पोटात ऑस्ट्रेलियन रेसिंग इंजिन, जरा डोळे मिटून बघा. चालवणारा होता जेरी मार्शल, धिप्पाड, मोठ्याने हसणारा माणूस, गाडी वळणात आडवी घालून नेण्यात त्याचा हात कोणी धरू शकायचा नाही. दुर्दैवाने बिग बर्था फार जगली नाही, त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला ब्रेक गेले आणि गाडी फुटली. तेच इंजिन आणि वाचलेले पार्ट घेऊन मग छोट्या फिरेंझाच्या आकाराची बेबी बर्था बांधली आणि तिने १९७५ आणि ७६ चे सुपर सलून शर्यतींचे सीझन गाजवले (सलून म्हणजे इंग्लंडमधे साधी घरगुती गाडी), लोकं फक्त मार्शलला आडवं जाताना बघायला तिकिटं काढायची.

मार्शलने आयुष्यात सहाशेहून जास्त शर्यती आणि क्लास जिंकले पण ब्रिटिश चॅम्पियनशिपचा मुख्य किताब त्याच्या नावावर नाही. तरी आज इंग्लंडमधल्या गुडवुड ट्रॅकवर मेंबर्स मीटिंग नावाच्या मेळाव्यात जुन्या सलून गाड्यांच्या एका शर्यतीला त्याचं नाव आहे, किताबवाल्या कित्येकांच्या वाट्याला हे आलं नाही. बेबी बर्था अजून आहे आणि ती सुरू केली की म्हातारी माणसं धावत येतात, व्हिडिओ मिळतात, हेडफोन लावून बघा. कॉन्टेसा विकल्याचं दुःख कमी नाही होणार पण मान ताठ होईल.

हिलमन इंप नावाच्या एवढ्याशा गाडीने ब्रिटिश चॅम्पियनशिप तीन वेळा जिंकली असं वाचलं. मोठ्या अमेरिकन गाड्यांना ती हरवायची कशी? – कॉलेज विद्यार्थिनी, ठाणे

हरवायची नाही, आणि तरी जिंकायची. तेव्हा गाड्या इंजिनच्या आकारानुसार क्लासमधे विभागलेल्या असायच्या, सगळ्या एकाच वेळी धावायच्या पण गुण आपापल्या क्लासमधल्या नंबरावर मिळायचे. म्हणजे पुढे मोठ्या इंजिनांचे मस्टँग आणि कॅमारो पहिल्या नंबरासाठी भांडतायत, आणि मागे हजार सीसीच्या क्लासमधे बिल मॅकगव्हर्न आपली सनबीम इंप (हिलमन इंपच, फक्त नाव वेगळं) घेऊन जवळजवळ प्रत्येक वेळी क्लासमधे पहिला, त्यालाही तेवढेच गुण. असं करत १९७०, ७१ आणि ७२ चा चॅम्पियन तो. मागे इंजिन असलेली ती चिमुकली गाडी, जॉर्ज बेव्हनच्या छोट्याशा टीमने घरच्यासारखी सांभाळलेली.

काहींना हे अन्यायाचं वाटतं, मला नाही वाटत. या पद्धतीमुळेच छोटी गाडी बाळगणाऱ्या माणसाला ट्रॅकवर कोणीतरी आपलं होतं. आणि छोट्या गाड्या नेहमी मागेच असायच्या असंही नाही, बाथर्स्टला १९६६ साली मिनी कूपर एस गाड्यांनी पहिले नऊ नंबर घेतले होते, क्लासमधे नाही, सगळ्यांमधे. जमलं तर जिम क्लार्कचे १९६४ चे लोटस कॉर्टिनाचे फोटो पण शोध. फॉर्म्युला वनचा जगज्जेता माणूस, पण त्या वर्षी ब्रिटिश सलून चॅम्पियनशिपही जिंकला, आणि वळणात गाडीचं पुढचं आतलं चाक चक्क हवेत, तीन चाकांवर चाललीय आणि हा आत शांत बसलाय. त्या काळी जगज्जेते असे शनिवारी-रविवारी घरगुती गाड्यांत बसायचे, लोकांना जवळून दिसायचे.

मॅडम, स्पष्ट बोलतो. साठी-सत्तरीची माणसं रेसिंग करतात आणि लोक टाळ्या वाजवतात, हे मला पटत नाही. ही निव्वळ व्यक्तिपूजा आहे. एखाद्याचा जीव गेला तर जबाबदार कोण? पीटर ब्रॉकचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच. – एक वाचक, सातारा

स्पष्ट बोललात ते चांगलं केलंत, मीही सरळच लिहिते.

जीव गेलेत, खरं आहे. १९९२ च्या बाथर्स्टला डेनी हुल्म, १९६७ चा फॉर्म्युला वन जगज्जेता, वय ५६, बीएमडब्ल्यू एम-थ्री चालवताना रेडिओवर म्हणाला की मला अंधुक दिसतंय, आणि कॉनरॉड स्ट्रेटवर गाडी कडेला लागून थांबली ती थांबलीच. हार्ट अटॅक. वर कौतुक केलं तो जेरी मार्शल २००५ साली सिल्व्हरस्टोनला जुनी कॅमारो टेस्ट करताना गेला, ६३ वर्षांचा. आणि ब्रॉक ८ सप्टेंबर २००६ ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या एका रॅलीत झाडावर गाडी आदळून गेला, वय ६१. यातलं काही लपवण्यासारखं नाही आणि वैद्यकीय तपासणी, हेल्मेट, मानेचा सपोर्ट या सगळ्यात वयस्कर ड्रायव्हरना कुठलीही सूट मिळता कामा नये, या बाबतीत मी तुमच्याच बाजूची आहे.

पण व्यक्तिपूजा म्हणालात तिथे मला थांबवावंसं वाटतं. ब्रॉक नऊ वेळा बाथर्स्ट जिंकला, हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. १९७९ ला तर सहा लॅपने जिंकला आणि जिंकणं नक्की असताना शेवटच्या लॅपला लॅप रेकॉर्ड केला, गाडी जपून आणायची सोडून. पण लोकं त्याच्यावर फिदा होती ती फक्त यामुळे नाही. त्याच्या गाडीचा ०५ नंबर बघा, तो दारू पिऊन गाडी चालवण्याच्या विरोधातल्या मोहिमेचा, रक्तात ०.०५ च्या वर अल्कोहोल नको या कायद्याचा. शर्यत संपल्यावर तासन्‌तास उभा राहून सह्या द्यायचा, शेवटचं पोरगं जाईपर्यंत.

आणि त्याच्या चुकाही लोकांनी उघड्या डोळ्यांनी बघितल्या. ऐंशीच्या दशकात त्याने एनर्जी पोलरायझर म्हणून एक डबी काढली, आत स्फटिक आणि चुंबकं, ती लावली की गाडी सुधारते म्हणे. शास्त्रात त्याला काडीचा आधार नव्हता. होल्डनने १९८७ च्या सुरुवातीला त्याच्याशी संबंध तोडले, कंपनीचा सगळ्यात मोठा चेहरा एका झटक्यात बाहेर. फॅन लोकांनी त्या डबीची बाजू घेतली नाही, पण माणसाला सोडलं पण नाही. त्याच वर्षी तो कंपनीच्या मदतीशिवाय बाथर्स्टला उतरला, त्याची स्वतःची गाडी लवकरच बंद पडली, मग नियमाप्रमाणे टीमच्या दुसऱ्या गाडीत, १० नंबरच्या, जाऊन बसला, पाऊस आला तरी कोरड्या रस्त्याच्या टायरवर घसरत घसरत तिसरा आला. पुढच्या दोन फोर्ड सिएरा नंतर मडगार्डच्या नियमभंगासाठी बाद झाल्या आणि तो नववा विजय त्याच्या नावावर लागला. त्यानंतर त्याने बीएमडब्ल्यू चालवली, फोर्ड पण चालवली, म्हणजे होल्डनवाल्यांच्या दृष्टीने घोर पाप, आणि परत होल्डनला आला तेव्हा त्याच लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. एखाद्याचं चुकलेलं माहीत असूनही त्याला आपला मानणं याला मी तरी पूजा म्हणणार नाही.

अजून एक गोष्ट सांगते. ज्या १९९२ च्या शर्यतीत हुल्म गेला त्याच शर्यतीत शेवटी ढगफुटीसारखा पाऊस आला, आघाडीवरची जिम रिचर्ड्स आणि मार्क स्कैफची निस्सान जीटी-आर घसरून फुटली, शर्यत थांबवली आणि नियमाप्रमाणे मागच्या लॅपचा निकाल धरला, म्हणजे फुटलेली गाडी पहिली आणि पळत असलेली डिक जॉन्सनची सिएरा दुसरी. प्रेक्षक भडकले, पोडियमवर रिचर्ड्सला हुर्यो सुरू केली. रिचर्ड्सला काही वेळापूर्वीच कळलं होतं की आपला दोस्त हुल्म गेला. तोल गेला आणि माइकवरून त्याने प्रेक्षकांना सणसणीत शिवी हासडली. नंतर माफीही मागितली. आणि तोच रिचर्ड्स २००२ साली ५५ व्या वर्षी परत स्कैफबरोबर बाथर्स्ट जिंकला, त्याचा सातवा, तेव्हा त्याच डोंगरावर टाळ्यांचा कडकडाट होता. त्यानंतरही कित्येक वर्षं तो टूरिंग कार मास्टर्समधे जुन्या गाड्या चालवायचा, जॉन्सनचा जुना जोडीदार जॉन बो पण तिथेच, साठी उलटल्यावरही नव्या पोरांना मागे टाकणारा. वीस-तीस वर्षं एक माणूस तुमच्यासमोर चिडतो, हरतो, म्हातारा होतो, याची सवय होते हो माणसाला.

आणि जबाबदार कोण या प्रश्नाचं माझं उत्तर, तो ड्रायव्हर स्वतः आणि त्याला परवाना देणारे. टाळ्या वाजवणारे नाहीत.

फोर्ड फाल्कन जीटीएचओ फेज थ्री या गाडीचा लिलाव दहा लाख डॉलरच्या वर गेला म्हणतात. पन्नास वर्षांच्या चारदारी गाडीला एवढा पैसा कशासाठी? – गॅरेज व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

दादा, तुम्ही धंद्यातले आहात त्यामुळे पटकन कळेल. तेव्हा नियम असा होता की जी गाडी रेसमधे चालवायची ती ग्राहकालाही विकली पाहिजे. म्हणून कंपन्या शर्यत जिंकायला लागणारं सगळं इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक शोरूमच्या गाडीतच घालायच्या आणि नियमापुरत्या थोड्याच बनवायच्या. १९७१ ची फेज थ्री अशी साधारण ३०० च बनली, ५.८ लिटरचं व्ही-एट, चार दारं, मागे पोरं बसवून शाळेत सोडा नाहीतर रेसला जा. त्याच वर्षी ॲलन मॉफॅटने तिच्यावर बाथर्स्ट जिंकलं, एकट्याने चालवून. पुढच्या वर्षी सिडनीच्या एका पेपरने बोंब ठोकली की अशा भयंकर वेगाच्या गाड्या रस्त्यावर येतायत, राजकारणी मधे पडले आणि फेज फोर विक्रीला येण्याआधीच बंद. म्हणजे या जातीची शेवटची गाडी ती फेज थ्री.

वर आता फोर्डने २०१६ ला आणि होल्डनने २०१७ ला ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणंच बंद केलं, २०२० ला तर होल्डन हे नावच जनरल मोटर्सने गुंडाळलं. कारखाने गेले, नोकऱ्या गेल्या, मग बाथर्स्टला मस्टँग आणि कॅमारो आल्या, दोन्ही अमेरिकन. जी गाडी वडील ज्या कारखान्यात कामाला होते तिथे बनली ती परत मिळणार नाही हे ज्याला कळतं तो पैसा मोजतो. किंमती थोड्या फुगलेल्या आहेत असं माझं मत आहे, गाडी तिजोरीत ठेवायला घेणारे पण आलेत, आणि ते वाईट, कारण या गाड्या चालवायच्या आहेत. इंग्लंडमधली फोर्ड सिएरा आरएस-५०० पण तशीच, नियमापुरत्या ५०० बनल्या म्हणून नावातच ५००. तुमच्याकडे कोणी जुनी पद्मिनी किंवा कॉन्टेसा रिपेअरला आणली तर ओरिजिनल पार्ट फेकू नका एवढं मात्र ऐका.

होल्डनवाले आणि फोर्डवाले खरंच एकमेकांशी बोलत नाहीत का? – पनवेल

बोलतात हो. लग्नं पण होतात. ऑक्टोबरमधे एका खोलीत बसत नाहीत एवढंच, आणि आता होल्डनच राहिली नाही तर दोघं मिळून जुन्या शर्यतींच्या क्लिप बघतात असं तिकडचे आपले वाचक कळवतात.

पुढच्या वर्षी मुलीकडे सिडनीला जायचंय. शर्यतीच्या वेळी नाही जमणार, एरवी बाथर्स्टला बघण्यासारखं काही आहे का? आणि भारतात टूरिंग कार कुठे बघायला मिळेल? – एक जोडपं, पुणे

बाथर्स्ट सिडनीच्या पश्चिमेला साधारण २०० किलोमीटर, ब्लू माउंटन्स ओलांडून, एका दिवसात जाऊन येता येतं पण मुक्काम केलात तर बरं. आणि तुम्हाला सगळ्यात आवडेल ती गोष्ट म्हणजे माउंट पॅनोरमाचा तो ट्रॅक एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे. ६.२१३ किलोमीटर, फुकट, स्वतःच्या गाडीने फेरी मारा. फक्त ताशी ६० ची मर्यादा आहे आणि पोलीस लक्ष ठेवून असतात, रस्त्यालगत लोकांची घरं आहेत, समोरून गाड्या येतात, त्यामुळे जॉन्सन व्हायला जाऊ नका. सावकाश गेलात तर जास्त कळतं, खालपासून वरपर्यंत १७४ मीटरचा चढ आहे आणि टीव्हीवर तो अजिबात कळत नाही, वरच्या स्कायलाइन नावाच्या टप्प्याच्या पुढे रस्ता एकदम पायाखालून निघून गेल्यासारखा वाटतो. कटिंगच्या वळणात जरा हळू करा, वर बघा, १९८० चा दगड तिथलाच. खाली मरेज कॉर्नरला नॅशनल मोटर रेसिंग म्युझियम आहे, जुन्या गाड्या तिथे अगदी हाताच्या अंतरावर दिसतात, आणि बाहेर ब्रॉकचा पुतळा आहे. बाथर्स्ट जिंकणाऱ्याला आता पीटर ब्रॉक ट्रॉफी देतात, आणि तो गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात ती पहिल्यांदा जिंकली ती त्याचाच चेला क्रेग लाउंड्सने, जेमी व्हिंकपबरोबर. म्युझियमला वेळ ठेवा, दोन तासांत होत नाही.

भारतात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, या दोन ठिकाणी राष्ट्रीय शर्यतींमधे टूरिंग कारचा क्लास असतो, तारखा आधी बघून घ्या कारण बदलतात. एकाच मॉडेलच्या गाड्यांच्या शर्यती पण झाल्यात, २०१० पासूनचा फोक्सवॅगन पोलो कप आठवत असेल, त्या पोलो आपल्या चाकणलाच बनायच्या. गर्दी कमी असते, पिटच्या जवळ जाता येतं, ड्रायव्हर बोलतात. उन्हाची टोपी आणि कानाला लावायला बोळे न्या, विशेषतः बरोबर लहान मुलं असतील तर.